प्राणवायूची मात्रा

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावरील भोसरी हें एके काळीं शेतकऱ्यांचें व पहिलवानांचें गांव म्हणून ओळखलें जाई. सन १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि हळूहळू त्या बाजूच्या माळरानांवर कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून एक नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. आज त्या वसाहतींतील एखाद्या लहान कारखान्यांत डोकावलें, तर प्राणवायूचे उंच काळे सिलिंडर भिंतीशीं उभे केलेले दिसतात. गॅसनें लोखंड कापणारा कारागीर चाव्या कमीजास्त फिरवून ज्योत नेमकी करून घेतो. प्राणवायु कमी पडला, तर लोखंड नुसतें तापतें, कापलें जात नाहीं. अधिक झाला, तर कापाची कड बिघडते. मात्रा ओळखणें हेंच त्याचें कसब.

याच परिसरांतील रुग्णालयांतून तोच वायु दुसऱ्या एका कामास लागतो. सातव्या-आठव्या महिन्यांतच जन्मास आलेलें, किलो-सव्वा किलो वजनाचें मूल काचेच्या पेटींत ठेवून त्यास प्राणवायु दिला जातो. येथेंहि प्रश्न मात्रेचाच आहे. वायु कमी पडला, तर मूल दगावतें किंवा त्याच्या मेंदूस इजा पोंचते. अधिक झाला, तर मूल जगतें, परंतु त्याचे डोळे जाण्याचा संभव असतो. कारागिरास जें ज्योतीकडे पाहून तत्क्षणीं समजतें, तें या बाबतींत वैद्यकशास्त्रास समजण्यास बारा वर्षें लागलीं, आणि तेवढ्या अवधींत जगांतील सुमारें दहा हजार बालकें आंधळीं झालीं. या अंधत्वाचें वैशिष्ट्य असें कीं, तें प्रथम दारिद्र्याच्या किंवा हयगयीच्या पोटीं जन्मलें नाहीं. त्या काळच्या उत्तमांतील उत्तम शुश्रूषेच्या पोटीं जन्मलें. तो इतिहास केवळ परक्या देशांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. त्याचें शेवटचें प्रकरण आज आपल्याकडे लिहिलें जात आहे.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांविषयीं आपल्या घरांतून एक जुना समज आहे. सातव्या महिन्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं, असें आजीबाई सांगत असत. चरकसंहितेंत आठव्या महिन्यासंबंधीं असेंच भय व्यक्त केलें आहे; त्या महिन्यांत ओज माता व गर्भ यांच्यामध्यें अस्थिर असतें, म्हणून तेव्हां झालेला प्रसव धोक्याचा, असें तेथील मत आहे. आजच्या शास्त्रास हा हिशेब मान्य नाहीं. गर्भ जितका अधिक दिवस उदरांत राहील तितकी त्याची जगण्याची आशा अधिक, हा साधा नियम खरा ठरला आहे. परंतु त्या समजुतीमागील अनुभव खोटा नव्हता. फार लवकर जन्मलेलीं बालकें बहुधा जगतच नसत. ऊब टिकत नसे, दूध ओढण्याची शक्ति नसे, श्वास मध्येंच थांबे. जीं मुलें कांहीं तासांतच मरत, त्यांच्या डोळ्यांचें पुढें काय झालें असतें, हा प्रश्न कोणास पडण्याचें कारणच नव्हतें.

तो प्रश्न पडावा अशी परिस्थिति यूरोपांत उत्पन्न झाली. सन १८८० च्या सुमारास पॅरिस येथील प्रसूतिवैद्य तार्निए यानें कोंबडीचीं अंडीं उबविण्याची पेटी प्राणिसंग्रहालयांत पाहिली व तशीच पेटी अशक्त बालकांसाठीं करवून घेतली. ऊब मिळतांच मृत्यु कमी झाले. पुढें विसाव्या शतकाच्या चौथ्या व पांचव्या दशकांत अमेरिकेंत या पेट्या घट्ट मिटणाऱ्या झाल्या आणि त्यांत प्राणवायु सोडण्याची सोय झाली. निळें पडलेलें मूल प्राणवायु मिळतांच गुलाबी होई व त्याचा अडखळता श्वास नियमित चाले. डोळ्यांस दिसणारा असा प्रत्यय आल्यावर हात आंखडता कोण घेईल? जो वायु थोडा दिल्यानें मूल सुधारतें, तो पुष्कळ दिल्यानें अधिक सुधारेल, असें सर्वांस सहजच वाटलें.

सन १९४१ च्या फेब्रुवारींत बोस्टन शहरांतील स्ट्यूअर्ट क्लिफर्ड या बालवैद्यास त्यानें सांभाळलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे डोळे भिरभिरत असून त्यास दिसत नाहीं, असें आढळलें. त्याच गांवच्या थिओडोर टेरी या नेत्रवैद्यानें पुढच्याच वर्षीं अशा बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. भिंगाच्या मागें पांढुरक्या तंतूंचा पडदा धरलेला असे. जन्मतः डोळे स्वच्छ दिसत. विकार पुढें कांहीं आठवड्यांनीं प्रगट होई. टेरीनें या रोगाचा ध्यास घेतला, परंतु कारण हातीं येण्यापूर्वींच १९४६ सालीं त्याचा अंत झाला. तोंवर रोग अमेरिकेंतील शहरांशहरांतून दिसूं लागला होता, आणि जेथें पेट्या उत्तम, परिचारिका तत्पर व खर्चाची ददात नाहीं, अशाच रुग्णालयांत तो अधिक होता.

कारणाच्या शोधांत नाना तर्क झाले. कोणी उजेडास दोष दिला, कोणी दुधास, कोणी जीवनसत्त्वांस, कोणी लोहाच्या औषधांस. एक उपायहि सांपडल्यासारखा वाटला. न्यूयॉर्क येथें विल्यम सिल्व्हरमन व त्याचे सहकारी यांनीं ए. सी. टी. एच. नांवाचें द्रव्य रोग जडलेल्या ३१ बालकांस टोंचलें. त्यांपैकीं २५ जणांचे डोळे चांगले राहिले. शहरांतील दुसऱ्या एका रुग्णालयांत हें औषध न दिलेल्या सात बालकांपैकीं सहा आंधळीं झालीं. एवढा पुरावा पाहून कोणीहि औषधाचा जयजयकार केला असता. परंतु या मंडळींनीं समान बालकांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवानें निवड करून एका गटास औषध दिलें, दुसऱ्यास दिलें नाहीं. फळ उलटें आलें. औषध घेणाऱ्यांत सुमारें एकतृतीयांश आंधळीं झालीं, न घेणाऱ्यांत एकपंचमांश; शिवाय औषध घेणाऱ्यांत मृत्युहि अधिक. बहुतेक बालकांत हा रोग कांहींहि न करतां आपोआप मागें हटतो, हें यावरून उघड झालें. पहिल्या २५ जणांच्या बऱ्या होण्याचें श्रेय औषधानें फुकटच घेतलें होतें.

खऱ्या कारणाचा पहिला स्पष्ट निर्देश केला तो ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील डॉ. केट कॅम्बेल या बाईंनीं, १९५१ सालीं. त्यांनीं तीन संस्थांतील बालकांची तुलना केली. एके ठिकाणीं प्राणवायु सढळ हातानें दिला जाई. दुसरीकडे त्याचा खर्च आईबापांवर पडत असल्यामुळें तो बेतानें दिला जाई. सढळ वायु मिळालेल्या १२३ बालकांपैकीं २३ जणांस रोग झाला. बेतानें मिळालेल्या ५८ पैकीं अवघ्या चौघांस. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें मेरी क्रॉस या बाईंनाहि दिसून आलें कीं, १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होऊन नवी प्राणवायूची सामग्री मिळाली आणि तिच्या पाठोपाठ हा रोग आला. पैशाची चणचण मुलांच्या डोळ्यांस लाभली आणि सुबत्ता बाधली, असा हा विलक्षण प्रकार होता.

तरी एवढ्यावरून निकाल करणें रास्त नव्हतें. कारण सढळ वायु ज्यांस दिला तीं मुलें अधिक आजारी असतील, अशी शंका राहतेच. वॉशिंग्टन येथील तरुण नेत्रवैद्य आर्नल पॅट्झ यानें ती शंका प्रत्यक्ष प्रयोगानें फेडण्याचें ठरविलें. सरकारी मदत प्रथम नाकारली गेली, तेव्हां त्यानें आपल्या भावाकडून पैसे उसने घेतले. कांहीं परिचारिकांस वायु कमी देणें हें मुलांस गुदमरविण्यासारखें वाटे. त्या रात्रीं गुपचूप चावी वाढवीत. त्यांच्या ममतेस नांवें ठेवतां येत नाहींत. ज्या ममतेनें हा रोग जन्मास घातला, तीच ती होती. असें असूनहि १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांवरून अधिक वायु घेणाऱ्या २८ बालकांपैकीं सातांस तीव्र रोग झाला, कमी घेणाऱ्या ३७ पैकीं एकासहि नाहीं, असें दिसलें. पुढें १९५३-५४ मध्यें अमेरिकेंतील अठरा रुग्णालयांनीं मिळून मोठा प्रयोग केला. सढळ वायु घेणाऱ्यांत शेंकडा २३ जणांचे डोळे वणांनीं बिघडले, तर आटोपशीर वायु घेणाऱ्यांत शेंकडा सात. त्याच सुमारास लंडन येथें नॉर्मन अ‍ॅश्टन यानें मांजराच्या पिलांवर प्रयोग करून प्राणवायु डोळ्यांस नेमका काय करतो, तें दाखविलें.

डोळ्याच्या आंतील बाजूस दृष्टिपटल नांवाचें पातळ अस्तर असतें. प्रतिमा उमटते ती त्यावर. गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याच्या मध्याजवळून रक्तवाहिन्या फुटूं लागतात आणि कडेकडे पसरत जातात. शेवटच्या कडेपर्यंत त्या पोंचतात तों नववा महिना भरत येतो. पाटाचें पाणी जसें पुढच्या कोरड्या शेताकडे नेत जावें, तशी ही वाढ चालते. पुढील भाग प्राणवायूविना भुकेला असतो, तो एक द्रव्य सोडून रक्तवाहिन्यांस जणूं बोलावतो, आणि त्या तिकडे वाढतात. गर्भाशयांत प्राणवायु मुळांतच कमी असल्यामुळें ही हांक मंद पण अखंड चालू राहते. मूल लवकर बाहेर आलें व त्यावर प्राणवायूचा वर्षाव झाला कीं, ती हांक बंद पडते. वाढणाऱ्या वाहिन्या आक्रसतात, कांहीं नाहींशा होतात. पुढें कांहीं आठवड्यांनीं दृष्टिपटल वाढतें, त्याची भूक वाढते आणि मग तें आक्रोश करूं लागतें. त्या आक्रोशास उत्तर म्हणून ज्या वाहिन्या उगवतात त्या वेड्यावांकड्या, ठिसूळ व भलत्या दिशेनें जाणाऱ्या असतात. त्यांतून रक्त पाझरतें, वण धरतो, वण आंखडतो आणि त्याच्या ओढीनें दृष्टिपटल आपल्या जागेवरून उपटून निघतें. टेरीस भिंगामागें दिसलेला पांढरा पडदा म्हणजे या साऱ्या नाशाचें अखेरचें अवशेष होते.

येथें इतिहास संपला असता, तर बरें झालें असतें. कारण कळतांच जगभर प्राणवायूवर कडक बंधन आलें आणि अंधत्व झपाट्यानें घटलें; परंतु ज्यांस वायूची खरी गरज होती अशीं फुप्फुसें कच्चीं असलेलीं मुलें मरूं लागलीं. सन १९७३ मध्यें केनेथ क्रॉस या इंग्रज शास्त्रज्ञानें हिशेब मांडला कीं, एका बालकाची दृष्टि वांचविण्यासाठीं सुमारें सोळा बालकांचे प्राण गेले असावेत. हा अंदाज होता, मोजदाद नव्हे. तथापि त्यानें डोळे उघडले. एका टोकाच्या चुकीस दुसऱ्या टोकाची चूक हें उत्तर नव्हे. मध्य कोठें आहे, तें मोजलें पाहिजे. आणि मोजण्याचें सोपें साधन तोंवर नव्हतें. तें जपानांतील ताकुओ आओयागी यानें १९७४ च्या सुमारास दिलें. बोटास लावावयाचा जो चिमटा करोनाच्या सांथींत आपल्याकडे घरोघर पोंचला, त्याचें मूळ तेथें आहे. रक्तांत प्राणवायु किती, हें तो सुई न टोंचतां सांगतो. सन २०१० मध्यें अमेरिकेंत या चिमट्याच्याच आधारें मोठी परीक्षा झाली. रक्तांतील वायूचें मान शेंकडा ८५ ते ८९ ठेवलेल्या बालकांत तीव्र नेत्ररोग कमी झाला, पण ९१ ते ९५ ठेवलेल्यांपेक्षां मृत्यु अधिक झाले. प्राण आणि दृष्टि यांमधील ही अरुंद वाट आजहि पूर्णपणें रुंद झालेली नाहीं.

सुदैवानें वायूची मात्रा हा एकच उपाय हातीं राहिला नाहीं. १९८४ सालीं नेत्रवैद्यांनीं या रोगाच्या पायऱ्या एकमतानें ठरविल्या. १९८८ सालीं असें सिद्ध झालें कीं, दृष्टिपटलाचा वाहिन्या न पोंचलेला भाग योग्य वेळीं गोठवून निकामी केला, तर त्याचा आक्रोश थांबतो व मधली मोलाची दृष्टि वांचते. पुढें गोठविण्याऐवजीं लेझरचे किरण आले. अलीकडे त्या बोलावणाऱ्या द्रव्यासच निष्प्रभ करणारें औषध डोळ्यांत टोंचण्याची पद्धतिहि आली आहे. पण या सर्व उपायांची एक अट आहे. तीव्र रोग दिसल्यावर दोन-तीन दिवसांतच उपाय झाला पाहिजे. पांचव्या पायरीवर गेलेला डोळा शस्त्रक्रियेनेंहि क्वचितच कामाचा होतो. बाहेरून डोळ्यांत कांहींच दिसत नसल्यामुळें आईबापांस वेळेवर शंका येण्याचा संभवच नाहीं. मूल दिव्याकडे पाहत नाहीं हें घरांत लक्षांत येतें, तोंवर वेळ निघून गेलेली असते.

आतां आपल्याकडे वळूं. डॉ. क्लेअर गिल्बर्ट या इंग्रज नेत्रतज्ज्ञ बाईंनीं १९९७ सालीं दाखवून दिलें कीं, जेथें अशीं बालकें वांचतच नाहींत त्या अतिदरिद्री देशांत हा रोग नाहीं. जेथें शुश्रूषा काटेकोर आहे त्या श्रीमंत देशांत थोडा आहे. आणि सर्वांत अधिक आहे तो मधल्या देशांत, जेथें पेट्या आल्या पण मोजमाप व तपासणी त्यांच्या मागून रखडत आली. हिंदुस्थान या मधल्या देशांत मोडतो. सन २०२० मध्यें आपल्या देशांत सुमारें तीस लाख बालकें अपुऱ्या दिवसांचीं जन्मलीं. महाराष्ट्रांतील ३५ अंधशाळांची जी पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली, तींत जन्मतःच नीट न घडलेले डोळे व बुबुळावरील वण हीं मुख्य कारणें होतीं. हा रोग तेव्हां अग्रभागीं नव्हता. कारण उघड आहे. त्या शाळांतील मुलें जन्मलीं तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांत काचेच्या पेट्या नव्हत्या. आतां त्या आल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच सावध राहण्याचीहि.

पाश्चात्त्य नियम येथें जसेच्या तसे चालत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंत साधारणपणें दीड किलोपर्यंतच्या बालकांचे डोळे तपासतात. आपल्याकडे त्याहून मोठ्या बालकांतहि हा रोग आढळतो. म्हणून येथील नियमाप्रमाणें दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेल्या प्रत्येक बालकाची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आंत व्हावी लागते. फारच लहान असेल तर त्याआधीं. सन २०१३ मध्यें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच पालघर येथें झाला आणि त्यांतील रोगांच्या यादींत हा रोग समाविष्ट आहे. कायद्यानेंहि याची दखल घेतली. चेन्नई येथील सरकारी रुग्णालयांत १९९६ सालीं जन्मलेल्या एका मुलीच्या आईबापांस डोळे तपासण्याची गरज कोणीच सांगितली नव्हती. ती आंधळी झाली. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं सुमारें पावणेदोन कोटींहून अधिक भरपाई देवविली. पश्चिम भारतांतील अशा आंधळ्या झालेल्या बालकांचा जो अभ्यास पुण्याच्या डॉ. सुचेता कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतहि हेंच दिसलें कीं, उशीर झाला तो मुख्यतः तपासणीसाठीं वेळेवर न पाठविल्यामुळें. बारा वर्षें जगानें ज्या अज्ञानामुळें बालकांचे डोळे गमावले, तें अज्ञान आतां उरलेलें नाहीं. आतां डोळे जातात ते कोणी सांगितलें नाहीं म्हणून.

भोसरीसारख्या गांवाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्या सांगण्याचें महत्त्व विशेष कळतें. या पट्ट्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ तसेच उत्तरेकडील प्रांतांतून आलेलीं हजारों कुटुंबें आहेत. आपल्या चालीप्रमाणें बाळंतीण माहेरीं जाते. परप्रांतीय कुटुंब सुटी मिळतांच मुलाला घेऊन गांवीं जातें. मूल पेटींतून बाहेर आलें, वजन धरूं लागलें, कीं रुग्णालयाचा संबंध सुटला असें घरच्यांस वाटतें. परंतु ज्या तीस दिवसांची गोष्ट आहे ते दिवस बहुधा याच प्रवासांत निघून जातात. पाळण्यांत मूल शांत निजलेलें असतें, टाळूला तेल घातलें जात असतें, आणि त्याच वेळीं त्या डोळ्यांच्या आंत वाहिन्या भलतीकडे वाढत असतात. घरीं जातांना दिलेल्या कागदावर औषधांच्या जोडीला डोळे तपासण्याची तारीख लिहिलेली असावी, ती आईबरोबर आजीसहि तोंडी समजावून द्यावी, आणि मूल गांवीं जाणार असेल तर तेथून जवळच्या कोणत्या रुग्णालयांत जावें, तेंहि सांगावें. याला यंत्र लागत नाहीं, आठवण लागते. ज्या घरांत वाचन आहे, त्यांनीं आपल्या नात्यांत, शेजारांत किंवा घरीं काम करणाऱ्या बाईच्या कुटुंबांत असें मूल जन्मल्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा कीं, महिन्याच्या आंत डोळे दाखविले काय?

सन २०२१ च्या एप्रिलांत करोनाच्या सांथींत केंद्र सरकारनें बहुतेक उद्योगांचा प्राणवायु थांबवून तो रुग्णालयांकडे वळविला. तेव्हां कारखान्यांतला व रुग्णालयांतला वायु एकच आहे, हें सर्वांस प्रत्यक्ष कळलें, आणि त्याचा तुटवडा किती भयंकर असतो तेंहि कळलें. त्याची विपुलताहि एका नाजूक प्रसंगीं घातक ठरते, ही दुसरी बाजू मात्र त्या धामधुमींत कोणाच्या ध्यानांत येण्याजोगी नव्हती. केट कॅम्बेल यांनीं ती वह्यांतील नोंदी ताडून पाहून ओळखली, पॅट्झनें मोजून सिद्ध केली. नवजात बालकांच्या विभागांत रात्रपाळीची परिचारिका आज पेटीजवळच्या आंकड्याकडे पाहून चावी किंचित् कमी करते, तेव्हां ती १९५२ सालच्या त्या भगिनींइतकीच मायाळू असते; तिला मात्रा ठाऊक झालेली असते, एवढाच फरक.